परसबाग आणि पथ्य : किनारपट्टीवरील हिवाळी भाजीपाल्याचा विचार

आहाराला काश्यपसंहितेने महाभैषज्य म्हटले आहे. पथ्य सांभाळणाऱ्यास औषधाचे फारसे प्रयोजन उरत नाही आणि न सांभाळणाऱ्यास औषधाचा लाभ होत नाही, हा लोलिंबराजांचा 'वैद्यजीवन'मधील विचार तर आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. तथापि पथ्य सांगणे आणि पथ्य घडणे यांत जे अंतर आहे, त्याकडे चिकित्सक म्हणून आपले पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हांस वाटते.

रायगडच्या किनाऱ्यावर चिकित्सा करताना हे अंतर रोज दिसते. पांडू, विबंध, अर्श, प्रमेह अशा व्याधींच्या रुग्णांस आपण ताज्या भाज्या लिहून देतो. रुग्णा कागदाची घडी करून पिशवीत ठेवते. पुढील भेटीत विचारणा केली, की उत्तर मिळते, "डॉक्टर, भाजी बाजाराच्या दिवशी आणते. दोन दिवसांत ती संपते, मग सुकी मासळी नाहीतर डाळ." या उत्तरात हलगर्जीपणा नाही. किनाऱ्यावरील गावांत येणारी बहुतेक भाजी घाटावरून किंवा वाशीच्या बाजारातून येते. गावी पोहोचेपर्यंत पालेभाजी मलूल झालेली असते आणि भाव चढलेला असतो. आपण लिहिलेले द्रव्य रुग्णास मिळत नसेल, तर ते लिहिण्यास अर्थ राहत नाही. औषधी दुकानात नसलेले औषध आपण लिहीत नाही. मग न मिळणारे पथ्य तरी का लिहावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्ताल्पता असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ५४.२ टक्के आढळले. हे प्रमाण केवळ भाजीच्या अभावामुळे वाढले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या घरात आठवड्यातून पाच दिवस हिरवे पान ताटात पडत नाही, त्या घरात पांडूची चिकित्सा किती टिकेल, याचा विचार आपणच करावयाचा आहे. या लेखाचा विषय त्यावरील एक अल्पखर्चिक उपाय, म्हणजे थंडीच्या चार महिन्यांतील घरामागची परसबाग, हा आहे.

शाकांविषयी शास्त्राची भूमिका

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. 'भाज्या भरपूर खा' हे वाक्य सरसकट सांगण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिला ग्रंथांचा पाठिंबा नाही. भावमिश्रांनी शाके ही बहुतांशी विष्टंभी, गुरु, रूक्ष आणि मल वाढविणारी मानली असून रोगांचे वसतिस्थान शाकांत आहे, असा कठोर अभिप्रायही दिला आहे. चरकाचार्यांनी हितकर द्रव्यांच्या गणनेत शाकांमध्ये जीवंतीस अग्रस्थान दिले आणि अहितकर द्रव्यांत सर्षपशाकाचा, म्हणजे मोहरीच्या पाल्याचा, उल्लेख केला. म्हणजे शाक-शाकांत भेद आहे आणि तो ओळखणे हे वैद्याचे काम आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात वर्ज्य शाकांची लक्षणे आली आहेत. किडीने, वाऱ्याने वा उन्हाने बिघडलेले, सुकलेले, जून झालेले, ऋतूबाहेरचे, स्नेहाविना शिजविलेले आणि पाणी न निथळलेले शाक टाळावे, असा त्याचा आशय आहे. ही यादी शांतपणे वाचली, तर तिच्यातील बहुतेक दोष लांबून आलेल्या भाजीत असतात आणि दारातून खुडलेल्या भाजीत नसतात, हे ध्यानात येते. स्नेह आणि निथळणे या दोन गोष्टी स्वयंपाकघरातील आहेत. उरलेले सारे दोष स्थानाचे आणि काळाचे आहेत.

याच अध्यायातील मुळ्याचे उदाहरण फार बोलके आहे. कोवळा मुळा दोषहर, जून मुळा त्रिदोषकर, स्नेहसिद्ध मुळा वातहर आणि सुकविलेला मुळा कफवातहर सांगितला आहे. द्रव्य एकच, परंतु वयाने आणि संस्काराने गुण पालटतो. बाजारात येणारा मुळा वजन भरावे म्हणून वाढू दिलेला असतो. वाफ्यातील मुळा मात्र पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, करंगळीएवढा असतानाच उपटता येतो. भावप्रकाशातील वांग्याचेही असेच आहे. कोवळे वांगे कफपित्तघ्न आणि जून वांगे पित्तकर असते. ग्रंथोक्त 'बाल' अवस्था रुग्णाच्या ताटात यावी अशी इच्छा असेल, तर खुडण्याचा दिवस रुग्णाच्या हाती असला पाहिजे.

भावप्रकाशात पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज असे शाकांचे सहा प्रकार असून ते उत्तरोत्तर गुरु मानले आहेत. परसबागेचा आराखडा करताना हा क्रम उपयोगी पडतो. मंदाग्नीच्या घरात पानांचा वाफा मोठा ठेवावा. श्रम करणाऱ्या, दीप्ताग्नी माणसांच्या घरात फळभाज्या आणि कंद यांस अधिक जागा द्यावी.

किनाऱ्यावरील हेमंत

थंड हवेच्या देशांत भाजीपाल्याचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि हिमतुषारापासून रोपे वाचविणे ही तेथील मुख्य चिंता असते. आपल्या किनाऱ्यावर पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या काळात बहुतेक नाजूक पालेभाज्या कुजतात. एप्रिल-मे मध्ये ऊन तीव्र असते आणि समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. मधले कार्तिक ते माघ हे महिने मात्र सौम्य असतात. अलिबागेस पौषातील पहाट साधारण सतरा-अठरा अंशांची असते. येथे हिम पडत नाही, दव मात्र भरपूर पडते. थंड हवेत येणाऱ्या मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट, कोथिंबीर, कांदा या भाज्यांना एवढा गारवा पुरतो. वाटाणा व फुलकोबी मात्र घाटमाथ्याच्या तुलनेने येथे कमीच येतात. त्यांच्या मागे लागू नये.

ऋतुचर्येच्या दृष्टीनेही हा काळ अनुकूल आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करण्याची आपल्या घराघरांतील रीत त्याच्याशी सुसंगतच आहे. हेमंतात अग्नी प्रबल होतो आणि गुरु-स्निग्ध आहार पचविण्याचे सामर्थ्य येते. अन्यथा जड ठरणारी शाके याच काळात, तेल-तुपाच्या फोडणीसह, सर्वांत सुखाने पचतात. पुढे वसंतात कफप्रकोप होतो, त्या सुमारास कारली आणि शेवग्याच्या शेंगा तयार होतात. ऋतूने जे उगवावे तेच त्या ऋतूत पचावे, हा योग परसबागेत आपोआप जुळून येतो.

या भागातील शेतकऱ्यांस ही गोष्ट नवीन नाही. भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या अंगओलीवर वाल पेरण्याची रीत जुनी आहे. अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या परिसरातील पांढरा कांदाही भातानंतरच लागतो. भौगोलिक मानांकन लाभलेला हा कांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी वेण्या बांधून विकावयास येतो. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा येथील वाड्यांत विहीर, नारळ-सुपारी आणि त्यांच्या आडोशाने भाजीपाला असे एकत्र रूप होते. आज अनेक वाड्यांच्या जागी बंगले आणि विश्रामगृहे उभी राहिली असून अंगणात फरशी व हिरवळ आली आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणावर उन्मळल्या. सुपारीचे नवे झाड फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोवर अशा मोकळ्या झालेल्या, ऊन मिळू लागलेल्या जागेत हिवाळी भाजी घेता येते, हेही रुग्णांस सांगण्याजोगे आहे.

जागा, माती आणि पाणी

चार माणसांच्या घरास आरंभी पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद एवढी जागा पुरेशी आहे. गुंठ्याचा हा साधारण सातवा भाग होतो. तीत दहा फूट लांबीचे आणि तीन फूट रुंदीचे चार वाफे व त्यांमध्ये एकेक फुटाच्या तीन वाटा बसतात. वाफा तीन फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही. दिवसातून पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा निवडावी. दाट सावलीच्या वाडीत अळू, आले, हळद, पुदिना, मायाळू एवढ्यावर समाधान मानावे.

किनाऱ्यावर माती तीन प्रकारची आढळते. पुळणीत पाणी टिकत नाही, म्हणून तेथे वाफा जमिनीपेक्षा किंचित खोल ठेवून शेणखत भरपूर घालावे. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. तिला चुलीतील राख मूठ-मूठ दिल्यास गुण येतो. खारेपाटात मात्र राख घालू नये. ती आधीच खारावलेली माती अधिक बिघडविते. तेथे गादीवाफा उंच करून पावसाचे पाणी मुरू द्यावे, म्हणजे क्षार खाली धुतले जातात. पंचायतीत किंवा कृषी कार्यालयात मातीच्या तपासणीची सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा.

विहिरीच्या पाण्याची परीक्षा घरच्या घरी होते. दोन करवंट्यांत सारखी माती घालून प्रत्येकीत वालाचे दहा दाणे लावावेत. एकीला विहिरीचे आणि दुसरीला नळाचे पाणी द्यावे. दहा दिवसांनी विहिरीच्या पाण्यावरील रोपे खुजी राहिली किंवा पानांच्या कडा जळल्या, तर पाणी खारट समजावे. अशा ठिकाणी कांदा, गाजर व शेंगभाज्या यांचा आग्रह सोडून पालक, चाकवत, बीट आणि घोळ लावावी. या भाज्या खारेपणा बऱ्याच अंशी सोसतात.

चार वाफ्यांस दिवसाला साधारण चार बादल्या पाणी लागते. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी त्यात चालते. कपडे धुण्याच्या चुऱ्याचे पाणी पालेभाजीस वा औषधी वनस्पतीस कधीही घालू नये. वाफ्यावर पेंढा, वाळलेली पाने किंवा कापलेल्या झावळ्यांचे आच्छादन केले, की पाण्याची गरज लक्षणीय घटते. नारळाची सोडणे वाटांच्या कडेने उलटी पुरल्यास ओल टिकते. मात्र ती पावसात भिजून मुरलेली असावीत. मासळीचे टाकाऊ भाग खत म्हणून वापरावयाचे झाल्यास आधी पाण्याने धुवावेत आणि खड्ड्यात शेण-मातीखाली पूर्ण कुजवावेत.

बियाणे आणि पेरणीचा क्रम

खर्च कमी ठेवण्याचे मर्म बियाण्यात आहे. मेथी व धणे स्वयंपाकघरातीलच चालतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन दळे करावेत, मग पेरावेत. लसणाच्या पाकळ्या, रताळ्याचे वेल, मायाळूचे छाट, पुदिन्याच्या काड्या, शेवग्याची फांदी ही शेजाऱ्यांकडून मिळणारी बेणी आहेत. मुळा, पालक, चाकवत, गाजर यांची लहान पाकिटे आणि टोमॅटो, वांगी, मिरची यांची प्रत्येकी पाच-सहा रोपे विकत घ्यावीत. शेण घरचे किंवा शेजारचे असेल, तर पहिल्या हंगामाचा खर्च तीनशे रुपयांच्या आसपास राहतो. पुढील वर्षी गावठी वाणांचे बी राखावे. संकरित वाणांचे बी राखून उपयोग नसतो. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने या हवामानासाठी निवडलेली वाणे, उदाहरणार्थ कारल्याचे 'कोकण तारा' आणि चवळीचे 'कोकण सदाबहार', विचारून घ्यावीत. जिल्ह्यात रोहा येथे विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

पेरणीचा क्रम सणांशी जोडून सांगितला, म्हणजे रुग्णांच्या लक्षात राहतो.

नवरात्रात गवत काढून वाफे खणावेत आणि प्रत्येक वाफ्यात दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. वांगी, टोमॅटो, मिरची यांचे बी टोपलीत टाकून रोपे करावीत.

कोजागरीपासून दिवाळीपर्यंत मुळा, तांदुळजा, चवळी यांची पेरणी करावी. दुपारचे ऊन अद्याप कडक असते, म्हणून झावळीची सावली धरावी.

दिवाळीनंतर, कार्तिकी एकादशीच्या सुमारास, मेथी, कोथिंबीर, पालक, चाकवत, गाजर, बीट यांची पेरणी आणि टोमॅटो-वांग्यांची लावणी करावी. कांद्याचे रोपही याच वेळी टाकावे.

मार्गशीर्षात कांद्याची रोपे वितभर अंतराच्या ओळींत लावावीत आणि कुंपणाशी वाल टोचावा.

पौष-माघात पालेभाजीची शेवटची पेरणी करून रिकाम्या कोपऱ्यात कारले, दुधी, काकडी यांची आळी करावीत. महाशिवरात्रीनंतर पालेभाज्या फुलावर येऊ लागतात, तेव्हा वेल मांडवावर चढलेले असतात.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. पालेभाजीचे दोन वाफे एकदम पेरू नयेत. प्रत्येकाचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरावा. मेथीचा एक वाफा दीड-दोन किलो भाजी देतो. दोन वाफे असे फिरते ठेवल्यास चार माणसांच्या घरात आठवड्यातून दोन-तीन वेळा पालेभाजी होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीस दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचविल्या आहेत. एवढ्या लहान बागेतून ते प्रमाण पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगावे. बाजारच्या भाजीस ही बाग पर्याय नसून पूरक आहे. मात्र जो भाग लवकर नासतो आणि महाग पडतो, तोच ती भरून काढते.

कीड पडल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. मावा थोडा असेल तर हाताने पुसून काढणे पुरते. वानरे आणि कोंबड्या यांच्यासाठी जुने मासेमारीचे जाळे ताणावे. कोळीवाड्यात ते फुकट मिळते.

कोणत्या रुग्णास कोणता वाफा

चिकित्सकाच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. सर्वांस एकच यादी देऊ नये.

तांदुळजा हा रूक्ष, शीत, मधुर रस-विपाकी आणि रक्तपित्तात प्रशस्त मानला आहे. पित्तप्रकृतीच्या व रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णांस तो प्रथम लावण्यास सांगावा. चाकवत म्हणजे वास्तुक त्रिदोषघ्न आणि मल सारक आहे. विबंध असणाऱ्या वृद्धांसाठी त्याचा वाफा हवा. मायाळू म्हणजे उपोदिका स्निग्ध, शीत, भेदन आणि कफवर्धक आहे. अर्शात विबंध व दाह असता ती उपयोगी, परंतु श्वास-कासाच्या रुग्णास थंडीत देऊ नये. मेथी वातशामक व कफघ्न असल्याने आमवात, प्रमेह आणि सूतिका यांच्या घरी ती असावीच. कारले लघु, तिक्त आणि भेदी असून भावप्रकाशात पांडू, मेह व कृमी यांवर सांगितले आहे. शेवगा उष्ण व कटु असल्याने कफवातज विकारांत योग्य, अम्लपित्तात नव्हे. पलांडू म्हणजे कांदा वातघ्न, बल्य, वृष्य व रोचक, तथापि गुरु आणि कफकर आहे. कृश व वातप्रधान रुग्णास तो हितकर, स्थूलास मर्यादित द्यावा.

वालाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा पदार्थ आहे. ग्रंथांत निष्पाव गुरु, विदाही आणि वातविबंध करणारा म्हटला आहे. आध्मानाच्या रुग्णांस त्याचा त्रास आपण पाहतोच. थंडीत शेतावर होणाऱ्या पोपटीत मात्र वालाच्या कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, ओवा व मीठ घालून, मडक्यात भाजतात. कोवळी अवस्था, अग्निसंस्कार आणि ओव्यासारखे दीपन द्रव्य यांमुळे दोष बराच कमी होतो. वाल पूर्ण बंद करण्यापेक्षा तो कोवळा, मोड आणून आणि ओवा-हिंगासह खाण्यास सांगणे रुग्णास पाळता येते.

शिजविण्याच्या पद्धतीविषयीही विवेक हवा. चरकांनी पाणी निथळण्यास सांगितले आहे. पालक, तांदुळजा व चुका यांत ऑक्झलेट अधिक असते आणि उकळून निथळल्याने ते घटते, म्हणून मूत्राश्मरीच्या रुग्णाबाबत ही सूचना अक्षरशः पाळावी. मेथी, कोवळा मुळा यांसारख्या भाज्या मात्र थोड्या पाण्यात, तेलावर परतून झाकणाखाली शिजवाव्यात. पाणी फेकल्याने त्यांतील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाया जातात. पांडूच्या रुग्णाने भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा. त्यामुळे वनस्पतीतील लोह अधिक शोषले जाते.

सावधानता

परसबाग ही पथ्याची सोय आहे, चिकित्सेचा पर्याय नव्हे. तीव्र पांडूत हिमोग्लोबिनची तपासणी, कारणाचा शोध आणि योग्य औषध अनिवार्य आहे. गर्भिणीस मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या भाजी लावली म्हणून बंद करू नयेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाने पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यातील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा प्रभाव घटतो. वृक्कविकाराच्या रुग्णास पोटॅशियमचे बंधन असेल, तर त्याच्या वैद्यकीय सल्ल्यानुसारच भाजी ठरवावी. मधुमेहाची औषधे चालू असताना कारल्याचा रस रोज घेणाऱ्याची रक्तशर्करा तपासत राहावी. पाकिटातील रंगीत बियाण्यास बुरशीनाशक लावलेले असते. उरलेले बी खाऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

औषधी दुकानदारांस विनंती

या कार्यात औषधी दुकानदार बंधूंचा वाटा मोठा ठरू शकतो. दुकानाच्या काउंटरवर दिवाळीच्या सुमारास मेथी, धणे, पालक, मुळा, चाकवत यांच्या छोट्या पुड्या आणि पेरणीच्या क्रमाचा एक कागद ठेवण्यास फारसे भांडवल लागत नाही. त्यातून मिळणारा नफा अल्पच असेल. परंतु पथ्यपत्रक घेऊन आलेला रुग्ण तेथूनच बी घेऊन गेला, तर चिकित्सकाचा शब्द प्रत्यक्षात उतरतो. कुंपणास अडुळसा, आंब्यावर वा कडुनिंबावर गुळवेल, दारात तुळस आणि कोपऱ्यात कोरफड एवढे जोडल्यास ताज्या द्रव्यांचीही सोय होते. पावसाळ्यात छपरावर सोडलेला कोहळ्याचा वेल दिवाळीनंतर पक्व फळे देतो आणि कूष्मांडावलेह करणाऱ्यांस त्यांची गरज असतेच. मात्र विक्रीसाठी वा औषधनिर्मितीसाठी घेतलेली प्रत्येक वनस्पती जाणकाराकडून ओळखून घ्यावी.

समारोप

अशा प्रयत्नांस आधार आहे. बांगलादेशात १९९० च्या सुमारास हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने रातांधळेपणाच्या प्रश्नावर घरालगतच्या भाजीच्या बागा हा मार्ग हाती घेतला आणि पुढे तो मोठ्या प्रमाणावर पसरला. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून लहान जागा, ऊन आणि घरचा काडीकचरा यांच्या बळावर अन्न पिकविण्याचा विचार महाराष्ट्रात रुजविला. १९४० च्या दशकात ब्रिटनसारख्या थंड देशाने युद्धकाळात अंगणे व मैदाने खणून भाजी पिकविली. या सर्वांस जे साधले, त्याहून अनुकूल चार महिने निसर्ग आपल्यास दरवर्षी देतो.

म्हणून येत्या नवरात्रापासून प्रत्येक चिकित्सकाने पाच रुग्णकुटुंबे निवडावीत, असे आम्ही सुचवितो. पथ्यपत्रकावर भाजीच्या नावापुढे ती कोठे व केव्हा पेरावी, हे एका ओळीत लिहावे. त्या कुटुंबांनी काय पेरले, किती दिवस भाजी खाल्ली, विबंध, क्षुधा, बल आणि हिमोग्लोबिन यांत कोणता फरक पडला, याची नोंद महाशिवरात्रीपर्यंत ठेवावी. जेथे फरक पडला नाही, तेथील नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे करावी. चिकित्सालयाच्या मागे स्वतःचा एक वाफा असणे सर्वांत उत्तम. करंगळीएवढा मुळा उपटून रुग्णाच्या हाती दिला, तर 'बाल' आणि 'वृद्ध' यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही.